बिघडलेला आवाज हाही एक प्रयोगच

भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, निरीक्षणे, आलेख आणि निष्कर्ष या सर्वांना जागा असते. बिघाडाला मात्र नसते. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की विद्यार्थी तो खोडतो, कारण गुण अपेक्षित आलेखाला मिळतात. प्रत्यक्ष संशोधनात बहुतेक वेळ ‘हे असे का होत नाही?’ या प्रश्नातच जातो. ही सवय लावणारे एक साधन जवळजवळ फुकट उपलब्ध आहे, आणि त्याकडे विज्ञानशिक्षणाचे लक्ष गेलेले नाही.

ते साधन म्हणजे ध्वनीची दृश्य प्रोग्रॅमिंग. मिलर पकेट यांनी १९९०च्या दशकात घडवलेली ‘प्युअर डेटा’ ही मुक्त प्रणाली जुन्या संगणकावरही चालते. तिच्यात ओळी लिहायच्या नसतात. पेट्या मांडून त्या तारांनी जोडायच्या असतात. अशा जोडणीला ‘पॅच’ म्हणतात. येणारा आवाज स्मृतीत साठवायचा, काही मिलिसेकंदांनी तो वाचायचा, हा विलंब संथपणे कमी-जास्त करायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा, की कोरस किंवा फ्लॅंजर तयार होतो. रचना चार-पाच पेट्यांची; पण पहिल्या प्रयत्नात ती क्वचितच नीट वाजते. तिचे खरे मोल तेथेच सुरू होते.

पहिली तक्रार खरखरीची. विलंबाचे मूल्य दर २० मिलिसेकंदांनी संदेशाने पाठवले, तर वाचनबिंदू सेकंदाला ५० वेळा उडी मारतो आणि प्रत्येक उडीला ‘टक्’ ऐकू येते. विलंब हाच एक अखंड संकेत केला की उड्या जातात. तरीही बारीक कुरकुर उरते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर दोन नमुन्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर असते, आणि हवा असलेला क्षण बहुधा त्यांच्या मध्ये पडतो. जवळचा नमुना उचलून भागत नाही. शेजारच्या नमुन्यांवरून मधले मूल्य काढावे लागते. इंटरपोलेशन हा पाठ्यपुस्तकातला कोरडा शब्द येथे कानाला कळतो.

दुसरी तक्रार स्वर बेसूर होण्याची. समजा, विलंब सेकंदाला एक आवर्तन या गतीने ५ मिलिसेकंदांनी वर-खाली होतो. त्याच्या बदलाचा कमाल दर २π × ०.००५, म्हणजे सुमारे ०.०३१. स्वराची वारंवारता तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे ३ टक्क्यांनी वर आणि खाली सरकते. शेजारच्या दोन स्वरांतले अंतर सुमारे ६ टक्के असते, तेव्हा हा ढळ अर्ध्या स्वराचा झाला. यात प्रणालीचा दोष काहीच नाही. हा डॉप्लर परिणाम आहे. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर श्रोता मधल्या स्थानापासून १.७ मीटर पुढे-मागे झुलत आहे आणि मध्यावर त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ११ मीटर आहे. इतक्या जोरात झुलणाऱ्याला गाणे बेसूर ऐकू येणारच. झोका लहान वा संथ केला की कोरस मधुर होतो.

तिसरी तक्रार सर्वांत बोधक. फ्लॅंजरमध्ये मूळ आणि विलंबित आवाजांच्या व्यतिकरणाने काही वारंवारता नाहीशा होतात; विलंब १ मिलिसेकंद असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ. पण प्युअर डेटा एका वेळी ६४ नमुन्यांचा गट हाताळते. वाचणाऱ्या पेटीचा क्रम लिहिणाऱ्या पेटीच्या आधी लागला, तर १.४५ मिलिसेकंदांपेक्षा कमी विलंब मिळतच नाही, आणि पहिली खाच ३४५ हर्ट्झच्या वर सरकत नाही. पडद्यावर सारे बरोबर दिसते. चुकलेला असतो तो न दिसणारा क्रम. दोन्ही पेट्या स्वतंत्र उपपॅचमध्ये ठेवून, क्रम ठरवणारी एक तार जोडली की दोष जातो. झोका सरासरी विलंबापेक्षा मोठा ठेवला तर पॅच ऋण विलंब, म्हणजे अजून न आलेला आवाज मागू लागतो. कार्यकारणभाव तो देऊ देत नाही.

हे दोष शोधण्याची रीत म्हणजे प्रयोगशास्त्राचा पाया होय. गाण्याऐवजी ४४० हर्ट्झचा शुद्ध स्वर द्यावा, विलंब स्थिर ठेवावा, फीडबॅक शून्य करावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

हा संगीतप्रेमींचा छंद आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटीकडे पाहावे. तेथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रकाशाला हे अंतर कापायला ८३ मायक्रोसेकंद लागतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे एकाच स्रोताची लहर निरनिराळ्या अँटेनांवर सतत बदलत्या विलंबाने पोहोचते. तो विलंब आधी पूर्ण नमुन्यांत आणि मग नमुन्याच्या अपूर्णांकात भरून काढावा लागतो. बदलत्या विलंबाचा प्रश्न तोच. फक्त मोजमाप बदलले. स्क्वेअर किलोमीटर ॲरेसारख्या प्रकल्पात सहभागी असलेल्या भारताला असे प्रश्न सोडवणारे तरुण देशभरातून हवे आहेत.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र येथे नवे प्रकरण लागत नाही. व्यतिकरण आणि सरल आवर्त गती अभ्यासक्रमात आहेतच. बदल हवा तो परीक्षेच्या प्रश्नात. तयार पॅच इंटरनेटवरून क्षणात उतरवता येतो. तो वाजवून दाखवण्याला गुण देण्यात अर्थ नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला मुद्दाम बिघडवलेला पॅच द्यावा आणि गुण त्याच्या निदानाला द्यावेत: काय ऐकू आले, कोणती शंका आली, ती कशी तपासली. दुरुस्ती अपुरी राहिली तरी चालेल. खोडलेला बिंदू मात्र वहीत दिसला पाहिजे.

#विज्ञानशिक्षण #ध्वनिविज्ञान #भौतिकशास्त्र