उसनवारीचं ग्राफिक्स

‘इनबिल्ट ग्राफिक्स आहे साहेब!’ दुकानदार छातीठोकपणे सांगतो. अहो, पण त्याची मेमरी कुठंय? इंटिग्रेटेड ग्राफिक्सला सहसा स्वतःची रॅम नसते, ते तुमच्याच ८ जीबीत वाटेकरी होतं. साधा हिशोब बघा: ६० हर्ट्झचा एक फोर-के मॉनिटर जोडला, की नुसतं चित्र पडद्यावर टिकवायला रॅममधून सेकंदाला सुमारे २ जीबी डेटा वाचावा लागतो. गेम, व्हिडिओ वेगळेच. डीडीआर४-३२०० रॅम एका चॅनलवर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन चॅनलवर ५१.२. म्हणजे थेट दुप्पट! तरीही एकाच चॅनलवर भागवलेले लॅपटॉप सर्रास विकले जातात. खोक्यावर चॅनल किती, हे ठळक छापायला काय जातं? मंडळी, पैसे मोजण्याआधी नुसते जीबी नको, चॅनलही विचारा!