जंगलवाटेवरची थार
महिंद्राची थार ही गाडी नाशिकच्या कारखान्यात बनते आणि तिचा कस पाहणाऱ्या वाटा तासा-दीड तासावर, पेठ-सुरगाण्याच्या सागाच्या जंगलात आहेत. उतारावर फोर-लो (चारही चाकांना मंद गतीत जोर), पहिला गिअर, ब्रेकवर पाय नको. ओहोळ आला तर आधी खाली उतरून काठीने पाणी मापायचं. एवढं बहुतेकांना जमतं. पण मौजेखातर चाकं गरगरा फिरवून पाडलेले चर पुढच्या सरीत ओघळ होतात आणि पाड्यावरच्या बाळंतिणीला त्याच वाटेने दवाखाना गाठायचा असतो. राखीव वनात विनापरवाना शिरणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहेच. पावसाळ्यात तर हौशी गाड्यांना तिकडे परवानगीच देऊ नये. शिकायचं असेल त्यांच्यासाठी महिंद्राने इगतपुरीजवळ खास ट्रॅक केला आहे.