छात्राध्यापकांची डायरी आणि डिजिटल पोर्टफोलिओ

दरवर्षी बी.एड्.चे छात्राध्यापक आमच्या शाळेत इंटर्नशिपसाठी येतात. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि इंटर्नशिप वीस आठवड्यांची. या काळात रोज चिंतन-डायरी लिहायची असते. जाताना ती सहीसाठी आमच्या टेबलावर येते. बाहेर सुंदर जिल्द, आत रंगीत शीर्षके, आणि पानोपानी एकच वाक्य : ‘आज पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्साहाने भाग घेतला.’

हीच डायरी संगणकावर आली म्हणजे चिंतन होईल, असे आम्हाला वाटत नाही. प्रमाणपत्रेच ठेवायची तर २०१५ पासून डिजिलॉकर आहेच.

तरीही पोर्टफोलिओच्या आम्ही बाजूने आहोत. एका छात्राध्यापिकेने सहावीला अपूर्णांक शिकवले. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे पाच मुलांनी लिहिले. डायरीत मात्र ‘पाठ यशस्वी’! स्टाफरूममध्ये चहा घेताना विचारले, तेव्हा तिने मराठीत सगळे सांगितले. मुलांनी छेदांचीही बेरीज का केली, आपण पोळीचे समान भाग आधी दाखवायला हवे होते, उद्या काय करणार. खरे चिंतन ते होते, आणि ते कुठेच नोंदले गेले नाही. फळ्याचा फोटो आणि शेजारी मोबाईलवर दोन मिनिटांचे तिचे बोलणे ठेवले असते, तर तीन महिन्यांनी तिलाच ते ऐकता आले असते.

भाषेचा मुद्दा आम्हाला मोठा वाटतो. आमची पदवी हिंदी माध्यमातली. पण मनाशी हिशेब आजही मराठीतच चालतो. इंग्रजीत चिंतन मागाल तर नक्कल केलेलेच मिळेल.

न्यूझीलंडमध्ये २००६ साली ‘महारा’ नावाची पोर्टफोलिओची मोफत प्रणाली सुरू झाली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थच ‘विचार’. त्यात कोणते पान कोणाला दाखवायचे, हे विद्यार्थी ठरवतो. महाविद्यालयांनी एवढे तरी घ्यावे. प्रत्येक नोंदीला गुण ठेवले की मुले सरांना आवडेल तेच लिहितात.

यंदा येणाऱ्या छात्राध्यापकांकडून आम्ही आठवड्याला एक फोटो आणि दोन मिनिटांचे बोलणे, एवढेच मागणार आहोत; भाषा त्यांची. फोटो फळ्याचा किंवा वहीचा, मुलांचे चेहरे त्यात नकोत. सही त्यावरच होईल.