यंदा दगड बघायला जा

नाशिककरांनो, हरिहरच्या पायऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांनी चढल्या असतील, निदान मोबाईलवर तरी पाहिल्या असतील. ब्रह्मगिरीची फेरी झाली असेल, सप्तशृंगीला तर दरवर्षीच जाणं होतं. आता एक वेगळी विनंती आहे. या हिवाळ्यात एक दिवस मोकळा ठेवा, जाणता वाटाड्या बरोबर घ्या आणि हे गड, ही देवळं, हे धबधबे ज्याच्यावर उभे आहेत तो काळा दगड बघायला डोंगरात जा. सकाळी सहाला निघालात तर दिवेलागणीला घरी परत याल.

आपल्या पायाखाली काय आहे हे शाळेत भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं: दख्खनचं पठार, बेसॉल्ट, काळी कसदार जमीन. परीक्षा संपली की ती ओळही विसरली जाते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा, मध्ये हजारो वर्षांची विश्रांती घेत. हे सगळं दहा लाख वर्षांच्या आसपास चाललं. आज उरलेला हा खडक जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. ‘मग ज्वालामुखीचं तोंड कुठाय?’ असं मुलं हमखास विचारतात. जपानच्या चित्रात दिसतो तसा शंकू इथे कुठेच सापडणार नाही. लाव्हा भेगांतून आला, आडवा पसरला आणि भाकरींची चवड रचावी तसे थरावर थर बसत गेले. आपले डोंगर म्हणजे त्या चवडीतून पावसाने आणि नद्यांनी कोरून काढलेले तुकडे. डोंगर वर आले नाहीत, आजूबाजूचं खाली गेलं. एवढी एक गोष्ट वाटाड्याने कड्यासमोर उभं राहून नीट समजावली तरी दिवसाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

पहिल्या खेपेला अंजनेरी निवडा. त्र्यंबक रस्त्याला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, उंची साधारण 1300 मीटर. गावातून वर गेलं की दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्या चढतात. तिथेच खडकात कोरलेलं छोटं जैन लेणं आहे. बहुतेक लोक इथे दम खायला थांबतात आणि फोटो काढून पुढे जातात. तुम्ही पाच मिनिटं जास्त थांबा आणि घळीच्या भिंतीला हात लावा. कुठे दगड एकसंध, घट्ट आणि निळसर काळा आहे. कुठे तो भोकाभोकांचा, ठिसूळ, तांबूस झालेला आहे. लाव्हाच्या थराचा मधला भाग सावकाश थंड होतो म्हणून घट्ट बसतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या भोकांत पांढरे, हिरवट, गुलाबी खडे भरतात. विहीर खोदणाऱ्यांच्या भाषेत हा मांजऱ्या.

आता मान वर करून समोरचा डोंगर बघा. उभा कडा, मग उतार किंवा सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. घट्ट भाग कडा म्हणून टिकतो, ठिसूळ भाग झिजून सपाटी होते. गड बांधणाऱ्यांनी भूशास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण हे त्यांना बरोबर कळलं होतं. कड्याला त्यांनी तट मानलं, सपाटीवर माची वसवली आणि घट्ट खडकात पाण्याची टाकी खोदली. सातमाळ्यातला कुठलाही किल्ला या नजरेने पाहिला की ‘इथे का बांधला असेल?’ हा प्रश्न उरत नाही.

अंजनेरीच्या पठारावर अंजनीमातेचं देऊळ आहे, पुढे तळं आहे आणि वरच्या टप्प्यावर सीतागुंफा. (2022 मध्ये हनुमानाचा जन्म इथला की किष्किंधेचा यावर मोठा वाद रंगला होता. त्यात पडायचं नसेल तर पडू नका, डोंगर दोन्ही पक्षांपेक्षा खूपच जुना आहे.) याच डोंगराचं नाव मिळालेली ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जात 2006 मध्ये शास्त्राला नव्याने माहीत झाली. कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात आणि हिवाळा हाच त्यांचा विणीचा काळ असतो. म्हणून कड्याच्या टोकावर जाऊन आरोळ्या ठोकू नका आणि ड्रोन घरीच ठेवा. परतताना पायथ्याच्या गावात जुन्या मंदिरांचे अवशेष बघा, वेळ उरला तर नाण्यांचं संग्रहालयही गावालगतच आहे. त्याच दिवशी ब्रह्मगिरीही उरकून घेऊ, असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्या.

हीच वाटाड्या निवडण्याची पहिली कसोटी. फोनवर ‘एका दिवसात तीन किल्ले करून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. तुम्हाला किल्ले मोजायचे नाहीत. कितीजणांचा गट आहे ते विचारा. पंधरावीसच्या वर आकडा गेला की मागच्यांना काहीही ऐकू येत नाही, दगडाबद्दल तर नाहीच. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणी घेतलंय, पेटी बरोबर असते का, कोणाचा पाय मुरगळला तर खाली कसं आणणार, परतीची वेळ काय, हे विचारायला लाजू नका. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि असे कार्यक्रम आखणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये. नाशिकमध्ये डोंगर भटकणाऱ्यांच्या जुन्या संस्था आहेत, त्यांचे अनुभवी लोक अशा प्रश्नांना उलट खूश होतात.

पण शहरातला लीडर कितीही हुशार असो, पायथ्याच्या गावातला एक माणूस बरोबर असायलाच हवा, आणि तोही मजुरी आधी ठरवून, रोख देऊन. नंतर ‘चहापाण्याला घ्या’ म्हणत हातावर काहीतरी टेकवणं बरं नाही. ठाकर, महादेव कोळी, कोकणा पाड्यांवरच्या माणसांना कुठला दगड पावसात निसटतो, कुठल्या कपारीत मोहोळ आहे, कुठला झरा मार्चपर्यंत टिकतो हे ठाऊक असतं. त्याला पाण्याबद्दल विचारा. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा इथे पावसाळ्यात छत्री टिकत नाही एवढा पाऊस पडतो आणि एप्रिल-मे आला की त्याच पाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन उतार चढतात. कारण पुन्हा हाच दगड. घट्ट थरात पाणी शिरत नाही, उतारावरून ते वाहून जातं. ठिसूळ मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात जे काही मुरतं तेवढंच झऱ्याला येतं. गावातला माणूस तुम्हाला सांधा दाखवेल, त्याला नाव माहीत नसेल तरी. शहरातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकाला आणि या माणसाला एकाच दिवशी बरोबर नेता आलं तर याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका असं मी सांगतो तेव्हा तरुण मंडळी नाक मुरडतात. हिरवळ, धुकं, धबधबे, सगळं मान्य. पण दगड बघायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तो दिसतच नाही, धुक्यात आणि गवतात लपलेला असतो; जो दिसतो त्यावर शेवाळ असतं आणि त्यावरून पाय जातो. रविवारी पायऱ्यांवर माणसांची रांग लागते आणि एक घसरला की खालचे चारजण घेऊन जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. गवत वाळलेलं असतं, हवा स्वच्छ असते, तिरप्या उन्हात थर उठून दिसतात. मार्चनंतर अकरा वाजले की कातळ तापतो, पाणी कितीही घेतलं तरी पुरत नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीने त्र्यंबक रस्त्याची वर्दळ वाढली आहे, तेव्हा जमलं तर आठवड्यातला मधला वार धरा.

बाकी सूचना थोडक्यात. माणशी तीन लिटर पाणी. पायात घट्ट, खाचांच्या तळव्याचे बूट. चपला, स्लीपर नकोत. अत्तर, सेंट लावू नका, धूर करू नका, आग्यामोहोळ उठलं तर डोंगरावर पळायला जागा नसते. माकडांना खायला देऊ नका; हनुमानाचा डोंगर म्हणून हात पुढे होतो, पण पुढच्या माणसाची पिशवी ती हिसकावतात. गुडघेदुखी, दमा, रक्तदाब असेल तर वाटाड्याला आधीच सांगा, अर्ध्या वाटेवर नको. काही झालंच तर 112. वर रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून कुठे जाताय आणि कधी परत येणार हे घरी लिहून ठेवा.

आणि गारगोट्या उचलू नका. चमकणारा खडा दिसला की खिशात टाकायची सवय लहानपणापासूनची, मला कळते. पण रविवारी पाचशे माणसं चढली आणि प्रत्येकाने एक उचलला तर दहा वर्षांनी घळीत बघायला काय उरेल? खडेच बघायचे असतील तर सिन्नरला माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. तिथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशा झिओलाइट आणि त्यांच्या सोबतच्या खनिजांचे असे नमुने मांडलेत की तोंडात बोट जातं. नाशिक, जळगाव, पुणे या पट्ट्यातल्या खाणींतून आणि विहिरींतून निघालेली ही खनिजं जगभरचे संग्राहक विकत घेतात आणि आपल्याला त्यांची नावंही ठाऊक नसतात. मुलांना डोंगरावर नेण्याआधीच्या रविवारी तिथे न्या. मग घळीतला पांढरा ठिपका ती स्वतः ओळखतील आणि तुम्हालाच सांगतील.

एकदा गोडी लागली की दुसरी खेप धोडपची करा, तब्येत चांगली असेल तर. पायथ्याला हट्टी गाव. 1768 मध्ये थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना इथेच हरवलं, ती गोष्ट वाटाड्या सांगेलच. तुम्ही गडाच्या टोकाकडची ती उभी, खाच पडलेली कातळभिंत बघा. ती कोणी बांधलेली नाही. आडव्या थरांना चिरत एक भेग गेली, तिच्यात लाव्हा भरून थिजला, आजूबाजूचा खडक झिजला आणि तेवढी भिंत उभी राहिली. कसाऱ्याच्या घाटाने मुंबईला जाताना रस्त्याकडेच्या खडकात दोन-तीन सेंटिमीटर लांब पांढुरके स्फटिक दिसतात, तेही कोणीतरी दाखवून देईपर्यंत दिसत नाहीत. (गाडी मात्र घाटात भलतीकडे थांबवू नका.)

हे बघायची घाई का, तर डोंगर कायमचे आहेत अशी आपली समजूत आहे. 2021 मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी खोदकाम सुरू झालं तेव्हा नाशिककर ओरडले म्हणून ते गाजलं. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी जोडणाऱ्या रोपवेलाही पर्यावरणवाल्यांनी विरोध केला. म्हाताऱ्या माणसांनी देवदर्शन कसं करायचं, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न खोटा नाही. पण गिधाडांच्या कड्यावरून पाळणे नेण्याआधी त्या कड्यावर काय आहे हे निदान हजारभर नाशिककरांनी पायी जाऊन पाहिलेलं असावं, असं मला वाटतं.

ज्यांना चढवत नाही त्यांनीही घरी बसू नये. पांडवलेणी आहेत. त्रिरश्मी डोंगर, चोवीस लेणी, दोनेकशे पायऱ्या, सावकाश बसत-उठत गेलात तरी तासाभरात वर. भिंती, खांब, छत, बसायचे ओटे, पाण्याच्या पोढ्या, सगळं एकाच खडकात खोदलेलं. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लिहवून ठेवलंय की त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे तीन हजार कार्षापण ठेवले, त्यांतल्या दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि हजारावर पाऊण व्याज, त्यातून भिक्षूंना वस्त्रं आणि किरकोळ खर्च भागवायचा. मुदत ठेवीची ही पावती सुमारे एकोणीसशे वर्षं वाचता येण्याजोगी राहिली ती दगड घट्ट आहे म्हणून. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ब्राह्मी येत नसेल तर वाचून दाखवणारा माणूस बरोबर न्या. सकाळी आठच्या आत गेलात तर उन्हाचा आणि शाळांच्या सहलींचा, दोन्हींचा त्रास होणार नाही.