जोसेफ हाउ विकला गेला?

नोव्हा स्कोशिया प्रांताचा पुढारी जोसेफ हाउ याच्यावरचा ठपका जुना आहे. प्रांत एकत्र करून बनलेल्या ज्या कॅनडा-संघाविरुद्ध त्याने रान उठवले, त्याच संघाच्या मंत्रिमंडळात तो जानेवारी १८६९ मध्ये जाऊन बसला. संघाकडून माणशी ८० सेंट अनुदान घेऊन आपल्याला मेंढीच्या कातड्याच्या भावाने विकले, असे तोच गर्जत असे. म्हणून टीकाकार म्हणतात, गड्याने फक्त भाव वाढवून घेतला!

टोमणा झणझणीत खरा, पण नेम चुकलेला. एकीकरणाचा हाउला विटाळ कधीच नव्हता. १८६१ साली प्रांतांच्या एकीकरणाचा विचार व्हावा, असा ठराव विधानसभेत त्यानेच मांडला होता. त्याचे भांडण होते ते रीतीशी. एप्रिल १८६६ मध्ये प्रांताचा सरकारप्रमुख चार्ल्स टपर याने ३१ विरुद्ध १९ मतांनी संघाला सभागृहाची संमती उरकली आणि मतदाराला विचारलेच नाही. मतदाराने पुढच्या वर्षी सव्याज परतफेड केली: संघीय संसदेच्या १९ पैकी १८ जागा संघविरोधकांना. एकटा टपर तेवढा तरला.

न विचारता कारभार करणाऱ्यांची चीड हाउच्या हाडात मुरलेली होती. १८३५ साली हॅलिफॅक्सचे दंडाधिकारी लोकांना लुबाडतात, असे पत्र आपल्या वृत्तपत्रात छापल्याबद्दल त्याच्यावर बदनामीचा खटला झाला. वकिलांनी हात टेकले, तेव्हा हा पठ्ठ्या सहा तासांहून अधिक वेळ स्वतःच बोलला. ज्यूरीने त्याला दहा मिनिटांत निर्दोष सोडले. १८४८ साली विधिमंडळाला जबाबदार असलेले सरकार नोव्हा स्कोशियात आले, ब्रिटिश वसाहतींत सर्वांत आधी. त्यामागची बरीच वर्षांची मेहनत त्याची होती.

मग तत्त्वाची किंमत डॉलरांत का केली? या आक्षेपाला मात्र वजन आहे. १८६८ साली लंडनने संघातून सुटका करायला साफ नकार दिला. उरले बंड किंवा अमेरिकेत विलीन होणे. काही सहकारी तिकडे झुकलेही, पण ब्रिटिश राजमुकुटावर निष्ठा असलेल्या हाउला दोन्ही अशक्य. म्हणून त्याने घासाघीस केली. संघाने प्रांताचे जे कर्ज उचलायचे त्याची मर्यादा ८० लाख डॉलरवरून सुमारे ९२ लाखांवर गेली, शिवाय दहा वर्षे दरसाल ८२,६९८ डॉलर. हा पैसा प्रांताच्या तिजोरीत गेला, हाउच्या खिशात नव्हे.

मंत्री म्हणून तो फिकाच ठरला, हे मान्य. पण त्या काळी मंत्रिपद घेतले की मतदारांपुढे पुन्हा उभे राहावे लागे. आजाराने खंगलेला हाउ हँट्स मतदारसंघात उभा राहिला, जुन्या मित्रांच्या शिव्या खाल्ल्या आणि निवडून आला. टपरने १८६६ मध्ये नेमके हेच टाळले होते.