मातीविना बाग : मुळांना आधार कशाचा?

माती न वापरता, पाण्यात विरघळवलेल्या अन्नद्रव्यांवर भाजीपाला पिकविण्याच्या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. आपल्या शाळेच्या आवारात अशी एक छोटी बाग असावी, असे आम्हांला वाटते. जैनथसारख्या काळ्या जमिनीच्या, कापसाच्या मुलखात मातीविना बाग कशाला, असे काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, माती पिकासाठी काय काय करते हे कळायचे असेल, तर एकदा ती बाजूला ठेवून तिची कामे आपण करून पाहावीत.

माती रोपाला उभे धरते, पाणी साठवते, मुळांना हवा देते आणि अन्न पुरवते. या बागेत अन्न पाण्यातून मिळते. बाकीची तीन कामे ज्या पदार्थाकडून करून घ्यायची, त्याला माध्यम म्हणतात. पाइप, पंप आणि तयार संच यांची चर्चा फार होते. पण खरा निर्णय माध्यमाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाजारात माध्यमे अनेक आहेत. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू. परदेशातील हरितगृहांत ते खूप वापरतात. पण ते कुजत नाही, आणि सुके तंतू हातांना व घशाला त्रास देतात. मुलांच्या हाती ते नको. परलाईट हलके व स्वच्छ असते, मात्र त्याची धूळ उडते. भिजवूनच हाताळावे लागते. भाजलेल्या मातीच्या गोळ्या धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतात, पण त्या पाणी कमी धरतात. वीज गेली, पंप थांबला, की उन्हात रोपे लवकर माना टाकतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पाणी उत्तम धरतो व तुलनेने स्वस्त पडतो. त्यात मीठ असू शकते, म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा.

मग घरचे काही चालणार नाही का? आपली काळी माती कुंडीत भरली तर ती भिजल्यावर फुगते, हवेला जागा उरत नाही. सुकल्यावर भेगा पडतात. पऱ्हाटीचा भुसा कुजताना रोपाच्या वाट्याचे नत्र खातो. नदीची वाळू परवानगीशिवाय उचलू नये, हे मुलांना शाळेनेच शिकवायला हवे.

खडीच्या बाबतीत मात्र आपल्या भागाने विशेष सावध राहावे. पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीचे मोठे साठे आहेत. चुनखडीची खडी कुंडीत घातली, तर पाण्याचा सामू वाढत जातो. या बागेत तो साधारण ५.५ ते ६.५ असावा लागतो. त्यापुढे गेला की पाण्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग अन्न कमी पडले असे समजून आपण खत वाढवतो, आणि दुखणे तसेच राहते. याची परीक्षा सोपी आहे. खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर चुना आहे; तो खडा बाजूला ठेवावा. सातवी-आठवीच्या मुलांना रसायनशास्त्राचा याहून चांगला धडा कोणता?

स्थानिक वस्तूंवर अशी बाग उभी करण्याचा विचार नवा नाही. १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी तेव्हा दार्जिलिंग जिल्ह्यात असलेल्या कालिंपोंग येथे प्रयोग सुरू केले. महागडी यंत्रे टाळून साध्या, जवळ मिळणाऱ्या वस्तूंवर भर देणारी त्यांची पद्धत पुढे ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली.

आमची सूचना अशी. पक्क्या भाजलेल्या विटांचे हरभऱ्यापासून सुपारीएवढे तुकडे करावेत, धूळ जाईपर्यंत धुवावेत आणि त्यांत निम्मे कोकोपीट मिसळावे. तुकडे हवा राखतील, कोकोपीट पाणी राखील. पाडलेल्या भिंतीच्या विटा घेऊ नयेत. त्यांना चिकटलेले सिमेंट चुनखडीसारखेच नडते. पंपाऐवजी वात लावावी, म्हणजे विजेवर अवलंबून राहावे लागणार नाही. कापसाची वात ओली राहून कुजते, नायलॉनची टिकते. गाव कापसाचे असले तरी येथे नायलॉनच बरा! पालक, मेथी, कोथिंबीर दिवाळीनंतर लावावी, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढणी होईल.

विश्वस्तांना आमची विनंती आहे की, तयार संचाचा मोठा खर्च मंजूर करण्याआधी अशा दहा-बारा कुंड्यांना एक हंगाम द्यावा. काही कुंड्यांत नुसते कोकोपीट, काहींत नुसते विटांचे तुकडे आणि काहींत मिश्रण घालावे; रोपे व पाणी मात्र सर्वांना एकच. विद्यार्थ्यांनी रोज पाण्याची पातळी आणि दर आठवड्याला रोपाची उंची वहीत लिहावी. शेती करणाऱ्या पालकांनी अधूनमधून येऊन पाने पाहावीत. पिवळेपणा ओळखणारी नजर त्यांच्याइतकी कोणाची आहे? हंगामाच्या शेवटी मुलांच्या वह्या समोर ठेवूनच पुढचा खर्च ठरवावा.