आधी बाजार समितीत जा, मग कोड लिहा

अंतिम वर्षाच्या कोणत्याही कॉम्प्युटर प्रोजेक्टचे ‘ब्लॅक बुक’ उघडा. तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास एक वाक्य हमखास भेटते: हे अ‍ॅप जलद, सुरक्षित आणि वापरायला सोपे असेल. प्रोजेक्ट शेतमालाच्या भावाचा असो, ग्रंथालयाचा असो की दवाखान्यातल्या नंबरचा, वाक्य बदलत नाही. या प्रकरणाला एसआरएस म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट्स स्पेसिफिकेशन. सॉफ्टवेअरने नेमके काय करायचे, याचा हा लेखी करार. तो कोड लिहिण्याआधी व्हायला हवा. अनेक ग्रुप तो बाइंडिंगच्या आदल्या आठवड्यात लिहितात, तेही सिनियरच्या फाइलमधून.

बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, चिखली, मलकापूर, बुलढाणा येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. इथल्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी शेतीचा विषय सुचणे साहजिक आहे आणि चांगलेही आहे. पण शेतीचे अ‍ॅप करणारा ग्रुप बाजार समितीच्या फाटकातून आत गेला होता की नाही, हे एसआरएसचे पहिले पानच सांगते.

कट्टा किती किलोचा?

समजा, खामगाव परिसरातल्या चौघांनी सोयाबीन उत्पादकांसाठी अ‍ॅप करायचे ठरवले. माल हमीभाव केंद्रावर न्यावा की बाजार समितीत, आणि हाती अंदाजे किती पडतील, एवढे त्याने सांगायचे. पहिली ओळ लिहिली: ‘शेतकरी मालाचे वजन भरेल.’ कशात? सोंगणी आणि मळणी झाली की घरी कट्टे मोजले जातात, बाजारात हिशेब क्विंटलचा. कट्टा किती किलोचा धरायचा हे विचारलेच नाही, तर अ‍ॅप 20 कट्ट्यांना 20 क्विंटल समजेल. कोडमध्ये कुठेही एरर दिसणार नाही. उत्तर मात्र चुकेल.

पुढची ओळ ओलाव्याची. हमीभाव खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. विद्यार्थी तो आकडा थेट कोडमध्ये घालून मोकळा होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. म्हणजे 14 टक्के ओलाव्याचा माल केंद्रावर चालत असताना हे अ‍ॅप ‘नेऊ नका’ म्हणाले असते, आणि त्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याने पडेल भावात माल विकला असता. हमीभावाचेही तेच. 2024-25 ला क्विंटलमागे 4,892 रुपये होता, 2025-26 ला 5,328 झाला.

मग लिहायचे कसे? एका ओळीत एकच गरज आणि प्रत्येकीला क्रमांक. ‘ग-4: ओलाव्याची मर्यादा हंगामानुसार बदलता येईल. ग-5: हा बदल फक्त अ‍ॅडमिन करू शकेल. ग-6: जुन्या नोंदींचा हिशेब त्या वेळच्याच मर्यादेने राहील.’ तिन्ही एका वाक्यात कोंबले की एखादे नक्की विसरले जाते. हमाली, तोलाई कुठे किती कापली जाते, हे गुगलवर शोधण्यापेक्षा एखाद्या शेतकऱ्याकडची हिशेबपट्टी मागून पाहावी. त्या चिठोऱ्यात अर्धा एसआरएस असतो.

सरकारही इथेच अडखळले

हा पोरांचा अभ्यास आहे, एवढी बारकाई कशाला, असे कोणी म्हणेल. 2017 ची कर्जमाफी आठवा. जूनमध्ये 34,022 कोटींची घोषणा झाली, अर्ज ऑनलाइन भरून घेतले. लाभ दीड लाखापर्यंत आणि कुटुंबाला. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि 18 वर्षांखालील मुले. बँकेचे खाते मात्र व्यक्तीच्या नावावर असते. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली, पण बँकांच्या याद्या आणि अर्जांतली माहिती जुळेना. पैसे खात्यात पडायला वेळ लागला. दोष एकट्या सॉफ्टवेअरचा नव्हता, हे मान्य. पण ‘कुटुंब’ हा शब्द बँकेच्या नोंदींत कसा शोधायचा, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात कागदावर यायला हवा होता. तो आला तेव्हा शेतकरी बँकेच्या दारात उभा होता.

तपासता येते का?

गरज लिहिण्याचा जुना नमुना म्हणजे आयट्रिपलई 830. तो 1984 चा, 1998 मध्ये सुधारलेला. त्याची जागा 2011 मध्ये 29148 या मानकाने घेतली, तरी आपल्याकडच्या फाइलींत अजून 830 चेच मथळे दिसतात. हरकत नाही. त्यातली एक अट पाळली तरी पुष्कळ: प्रत्येक गरज तपासता आली पाहिजे. ‘अ‍ॅप जलद असेल’ हे तपासणार कसे? ‘ग-11: रेंज नसताना शेवटचा डाउनलोड झालेला भाव तारखेसह दिसेल’ हे लगेच तपासता येते. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि बघा.

आता चॅटबॉट दोन मिनिटांत चाळीस पानांचा एसआरएस लिहून देतो. भाषा सफाईदार, मथळे जागच्या जागी. वापरू नका, असे मी म्हणणार नाही. टायपिंग वाचते. पण तुमच्या गावात कट्टा किती किलोचा भरतात, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि तुम्हालाही कोणाला विचारल्याशिवाय कळत नाही.

दोष सगळा विद्यार्थ्यांवर ढकलणे सोपे आहे. पुस्तकाच्या जाडीवर गुण मिळत असतील तर पोरे जाडी वाढवणारच. माझ्या मते मार्गदर्शकांनी चाळीस पाने मागूच नयेत. चार पाने मागावीत, त्यात पंचवीस क्रमांकित ओळी आणि प्रत्येकीसमोर ‘हे कोणाला विचारले’ असा रकाना. तोंडी परीक्षेत परीक्षकाने त्यातल्या कोणत्याही तीन ओळी निवडाव्यात आणि अ‍ॅपमध्ये दाखवायला सांगाव्यात. एवढ्याने कॉपी केलेला एसआरएस दहा मिनिटांत उघडा पडतो.

वेळापत्रकही सोयीचे आहे. पदविकेच्या पाचव्या सत्रात आणि पदवीच्या सातव्या सत्रात प्रोजेक्टची आखणी चालते, नेमके त्याच दिवसांत सोयाबीन बाजारात येते. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी वही घेऊन बाजार समितीत जा. एक शेतकरी, एक अडत्या, एक मापारी, असे तिघे गाठा. लिहिलेले त्यांना मराठीत वाचून दाखवा, ‘असेच ना?’ विचारा आणि पानावर तारीख टाका. पुढे काही बदलले तर जुनी ओळ खोडून टाकू नका. खाली नवी लिहा आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली तेही लिहा.